फळा कोणी पुसला?

"शेवटच्या रविवारी गुरुजींनी स्वतःच्या हाताने फळा पुसला. इतक्या वर्षांचा वाद त्यांनी मोठ्या मनाने संपवला, आणि आमची मावशी समाधानाने गेली."

बाई, हे तुमच्या विवेकचे शब्द आहेत. वाचनालयात तुमच्या शोकसभेत तो हे बोलला तेव्हा लोकांनी डोळे टिपले आणि माझ्याकडे वळून कौतुकाने पाहिले. शेजारच्या एका गृहस्थांनी तर माझा हात दाबला, जणू हरणे ही माझ्या वयाला शोभून दिसणारी गोष्ट आहे. शोकसभेत उभे राहून भाच्याला खोडून काढणे मला जमले नसते असे नाही. परंतु समोर हार घातलेला तुमचा फोटो होता, आणि त्या चेहऱ्यावर 'आत्ता नको, गुरुजी' हे वाक्य मला स्पष्ट वाचता येत होते.

आता स्मरणिका निघते आहे. विवेकने मलाही चार शब्द लिहायला सांगितले आहेत, आणि त्याचे ते वाक्य पहिल्या पानावर तुमच्या फोटोखाली छापायचे ठरले आहे. शिवाय वाचनालयाच्या समितीने आपल्या वर्गाची माडीवरची खोली रंगवायला काढली आहे. तिथे तुमची तसबीर लागेल, फळा निघेल. वाद संपला, बाई गेल्या, वर्ग संपला, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. म्हणून पहिल्या विधानापाशीच त्यांना अडवणे मला भाग आहे. हे चार शब्द विवेकला आवडणार नाहीत. तुम्हाला आवडतील की नाही, हे विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

तुमच्या पदव्या आणि तुमची नोकरी यांविषयी इतर लिहितीलच. मला तुमचा पहिला रविवार आठवतो. पालघरच्या महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर तुम्ही बोईसरला या माडीवर 'अर्थशास्त्र, सर्वांसाठी' असा वर्ग उघडलात. रविवारची मासळी दुपारपर्यंत विकून होते आणि कारखान्याची रात्रपाळी नंतर लागते, म्हणून वेळ चारची. मी सफाळ्याच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून आयुष्य काढलेला माणूस. मी शिकायला आलो नव्हतो, तपासायला आलो होतो. तुम्ही फळ्यावर पहिले वाक्य लिहिलेत, 'देश म्हणजे घर नव्हे', आणि मी उभा राहिलो.

"बाई, हे चूक आहे. ज्याला घर चालवता येत नाही त्याला देश चालवता येणार नाही."

"बसा, गुरुजी. उभ्याने भांडलं की माणूस लवकर दमतो, आणि हे भांडण लांबणार आहे."

ते लांबले. त्या दिवशी मी तुम्हाला माझ्या आईची मूठ सांगितली. आमची शेती डोंगराच्या कडेची, पावसाच्या भरवशावरची. रोज भात रांधायला घेताना आई त्यातला मूठभर तांदूळ परत वेगळ्या मडक्यात टाकायची. भरल्या दिवसांत आम्हा भावंडांना ती मूठ कंजूषपणाची वाटे. लावणीच्या दिवसांत कणगी रिकामी झाली की ते मडके उतरत असे, आणि आम्ही जेवत असू. मी तुम्हाला म्हणालो, "बाई, त्या मुठीमुळे मी आज तुमच्यासमोर उभा आहे. मला बचतीविरुद्ध काही शिकवू नका."

तुम्ही हसला नाहीत. त्या क्षणी मला तुमच्याविषयी आदर वाटला, हे आजवर मी कबूल केलेले नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आईने तांदूळ ठेवला, म्हणून तांदूळ उरला. पैशाचं तसं होत नाही, गुरुजी. मी खर्च केला नाही, तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी हाती आला नाही. मडक्यातला तांदूळ कोणाच्या ताटातून कमी झालेला नसतो. पैसा झालेला असतो."

मग तुम्ही बोईसरची खानावळ फळ्यावर आणलीत. कारखान्यात जादा पाळ्या बंद झाल्या. कामगारांनी शहाणपणाने एक वेळचे जेवण बाहेर घेणे सोडले. खानावळवाल्याने शहाणपणाने भांडी घासणारा माणूस कमी केला. त्या माणसाने शहाणपणाने खोली सोडून गावची गाडी धरली. खोलीच्या मालकाने शहाणपणाने माडीचे बांधकाम थांबवले. बांधकामावरचे गवंडी बसून राहिले. "यात मूर्ख कोण, ते दाखवा," तुम्ही म्हणालात. मी म्हटले, पुढच्या रविवारी दाखवतो.

फळा पुसण्याचा नियम त्याच सुमारास झाला. वर्गानंतर फळा पुसायला कोणी थांबत नसे आणि खडूची धूळ तुमच्या छातीला सोसत नसे. तुम्ही जाहीर केलेत, "वादात हरेल त्याने फळा पुसायचा. निदान कोणीतरी पुसेल." पुढे तो कायदाच झाला. दोघांपैकी एकाने हार मानेपर्यंत फळ्यावरचे तसेच राहायचे, मग महिना जाऊ दे. इथे मी नोंदवून ठेवतो की हार लपवणाऱ्यांतला मी नव्हे. माझी समजूत अशी होती की बँक म्हणजे रांजण. एकाने ओतायचे, दुसऱ्याने काढायचे. तुम्ही म्हणालात, रांजण आधी भरलेला नसतोच. बँक कर्ज देते त्याच क्षणी कर्जदाराच्या खात्यावर ठेव जन्माला येते. मी कित्येक रविवार लढलो. ओळखीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याला घरी जाऊन छळले. शेवटी एका रविवारी सर्वांच्या आधी येऊन मी तो फळा पुसला. रामशंकर आला आणि कोरा फळा पाहून टाळ्या वाजवणार होता. तुम्ही डोळ्यांनी त्याला थांबवलेत. तेही मी पाहिले होते.

त्या वर्गात माणसे येत आणि जात. टिकलो आम्ही तिघे. रसायनांच्या कारखान्यात यंत्र चालवणारा रामशंकर, पालघरजवळच्या माहीमची, मासळी विकणारी हंसा आणि मी. एकदा महागाईचा पाठ चालू असताना हंसा म्हणाली, "सरकारानं छापून वाटाव्या ना नोटा, बाई. छापखाना त्यांचाच हाय ना? गरिबी नाय न् काय नाय."

रामशंकर मागून म्हणाला, "नोट तो छप जाएगा, ताई. मछली कौन छापेगा?"

"तू गप रे! बोंबलाचा काटा कलत नाय तुला, मला शिकवतोय!" असे म्हणत हंसाने पदर खोचला आणि उठून फळा पुसला. तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला दम लागला. तो दम पहिल्यांदा मी त्या दिवशी ऐकला. विनोदाचा समजलो.

नंतर हंसाच्या आग्रहाने आपण माहीमला तिच्याकडे जेवायला गेलो. खाडीत ओहोटी होती. चिखलात टेकलेल्या होड्यांत एक मोठी, नव्या रंगाची होडी कलती पडली होती, तिच्या इंजिनावर ताडपत्री होती. तुम्ही विचारलेत, "हंसा, एवढ्या मोठ्या होड्या तुमच्याकडे कधी बांधतात?"

"मासली बरी लागते तवा. मंग काय उपाशी असताना बांदतील?"

तुम्ही काठीने वाळूत रेघ ओढून सांगू लागलात. चांगली वर्षे आली की घेणारा धीट होतो. त्याहून वाईट म्हणजे देणाराही धीट होतो. कालपर्यंत सगळ्यांनी फेडले म्हणून आज थोडे जास्त द्यायला हरकत नाही, उद्या आणखी थोडे. कोणी लबाडी करत नाही, कोणी चुकत नाही, आणि सगळे मिळून अशा जागी पोहोचतात जिथे एक वाईट हंगामही सोसवत नाही. "लोक म्हणतात संकट वादळाने येतं. कर्ज वादळात होत नाही, गुरुजी. ते शांत दर्यात होतं."

मी ती संधी सोडणार नव्हतो. "हाच माझा मुद्दा आहे, बाई. त्या शांत दर्यात ज्याने मूठ बाजूला टाकली तो वाचला."

"एकटा वाचला. सगळी वाडी बुडाल्यावर एकट्याने वाचून तुम्ही मासळी कोणाला विकाल?"

"बुडालेल्यांना हात द्यायला कोणीतरी कोरडा लागतो."

हंसा मध्येच म्हणाली, "आता दोघं जेवता का आमी वाडलेलं उचलू?" आपण जेवलो. तो वाद त्या वाळूत राहिला आणि भरतीने नेला असेल. परंतु फळ्यावर तो दुसऱ्या रविवारी पुन्हा आला.

तुमचे एक हत्यार मला फार चीड आणायचे. वर्तमानपत्रात देशाच्या वाढीची बातमी आली की मी कात्रण घेऊन यायचो, आणि तुम्ही चष्मा न लावताच विचारायचात, "वाढ झाली? कोणाची?" बचत गटांनी मोठी झेप घेतली, कोणाची? बोईसर भरभराटले, कोणाचे? एकदा तुम्ही आम्हाला खिडकीशी नेलेत. समोर एक चाळ होती, जिच्या एकेका खोलीत दिवसपाळीची माणसे निघाली की रात्रपाळीची येऊन त्याच पथारीवर निजत. तिच्या मागे एक उंच नवी इमारत होती. तिच्यातली बहुतेक घरे कोणी गुंतवणूक म्हणून घेतलेली, कुलूपबंद. तुम्ही म्हणालात, "सरासरी काढली, तर या रस्त्यावर प्रत्येकाला ऐसपैस जागा आहे." रामशंकर त्याच चाळीत राहत होता. तो खिडकीतून त्या इमारतीचे मजले मोजू लागला. मग म्हणाला, "मैडम, मेरी जगह किस मंज़िल पर है?" तुम्ही त्याला उत्तर दिले नाहीत. हातातला खडू तसाच धरून उभ्या राहिलात. विषमता या विषयावर तुम्ही पुढे बरेच शिकवलेत. वरच्यांचे उरलेले खालच्यांकडे पगार म्हणून न येता कर्ज म्हणून येते, आणि त्यावर सगळा बाजार तोल सांभाळत उभा असतो, हे तुम्ही मला तुमच्या पद्धतीने पटवलेत. मला मात्र त्या दिवशीचे तुमचे ते न देता आलेले उत्तर जास्त आठवते.

आता जे मी बोललो नाही ते. निवृत्त मुख्याध्यापकाला माणसे नमस्कार करतात, उत्तर देत नाहीत. रस्त्यात जुने विद्यार्थी वाकतात, 'गुरुजी, तुमच्यामुळे' असे म्हणतात आणि निघून जातात. घरी मुले 'बरोबर आहे तुमचं, बाबा' म्हणतात, म्हणजे विषय संपतो. म्हातारपणी माणसाला सगळीकडून मान्यता मिळू लागली की त्याने समजावे, आता आपले कोणी ऐकत नाही. तुम्ही माझे ऐकलेत. शब्दन्शब्द ऐकून ते चूक आहे असे मला तोंडावर सांगितलेत. सोमवारपासून मी तुमच्या उत्तराला उत्तर रचत असे. फिरायला गेलो तर एकटाच हातवारे करत असे. हे तुम्हाला सांगितले असते तर तुम्ही हसला असतात, म्हणून सांगितले नाही. आज तुम्ही हसलात तरी चालेल.

गेल्या पावसाळ्यानंतर जिना चढताना तुम्ही मधल्या वळणावर थांबू लागलात. मी मागून यायचो आणि तिथेच मुद्दा काढायचो, म्हणजे तुम्हाला थांबायला निमित्त मिळावे. तुम्हाला ते कळत होते, असे मला वाटते. कारण एरवी माझ्या मुद्द्यांना तुम्ही इतका वेळ कधी दिला नव्हता.

आणि मग तो शेवटचा रविवार. तुम्ही फळ्याशेजारी खुर्चीवर बसून शिकवत होतात. फळा भरलेला होता. एकूण मिळकत, एकूण खर्च, एकूण बचत, आणि त्यांना जोडणारे बाण. मी बसूनच बोललो. उभ्याने दम लागतो, हे आता मलाही लागू आहे.

मी म्हणालो, "बाई, माझी आई मूठभर तांदूळ ठेवायची, तीही बचत. समोरच्या इमारतीत ज्याच्या घरांना कुलपे आहेत, त्याचे उरलेले उत्पन्न, तीही बचत. एकीने पोटाला चिमटा घेतला, दुसऱ्याच्या पोटात जागा उरली नव्हती. तुमच्या फळ्यावर दोघांना मिळून एकच शब्द आहे. तिथे बचत लिहिले आहे. कोणाची?"

तुमचाच प्रश्न होता. मी तो तुमच्याकडूनच शिकलो होतो.

तुम्ही गप्प झालात. हंसाला माहीमची गाडी गाठायची होती आणि रामशंकरची पाळी होती. ती दोघे त्या शांततेतच उठली. जिन्यात हंसाचा आवाज मी ऐकला, "आज बाई हरल्या गं बाई!" तीच गोष्ट ती आजही बाजारात सांगत फिरते. विवेकची एक कथा आणि हंसाची दुसरी. एकीत मी हरलो, एकीत तुम्ही. हंसाच्या कथेने माझा मान वाढतो, तरीही मी ती तितक्याच जोराने नाकारतो. रिकाम्या खुर्चीकडून विजय घेणारा मी नव्हे.

ती दोघे गेल्यावर तुम्ही वर पाहिलेत. डोळ्यांत ती चमक होती जी मी तुमच्या वर्गातल्या सगळ्या रविवारांत मोजक्याच वेळा पाहिली आहे. म्हणालात, "इतकी वर्षं लावलीत, गुरुजी." मग फळ्याकडे वळून तुम्ही बाण निरखलेत आणि हात पुढे केलात. "तो खालचा उजवा कोपरा पुसा जरा. मला बसून लिहिता येईल. माझा हात भरून आलाय."

मी डस्टर घेतले आणि तो कोपरा पुसला. नेमक्या त्याच वेळी विवेक दारात आला. त्याला घरातली जुनी थट्टा ठाऊक होती. हरणारा फळा पुसतो, हे तुम्ही त्याला किती रविवारी रंगवून सांगितले असेल. त्याने म्हातारा गुरुजी हातात डस्टर घेऊन उभा पाहिला, मावशी हसताना पाहिली, आणि त्याचे तिथेच ठरले. "मावशी, डॉक्टरांची वेळ झाली. मी खाली गाडी वळवतो," असे म्हणून तो गेला. नियम माहीत नसलेला परका माणूस दारात आला असता तर त्याची अशी चूक झाली नसती. ती चूक फक्त आपल्यातलाच कोणी करू शकत होता, आणि प्रेमापोटीच करू शकत होता. त्याला मी दोष देत नाही. फक्त त्याने पाहिले ते अर्धे होते.

त्याच्यामागून तुम्हीही उठलात. माझ्या हातावर भार देऊन जिना उतरलात, मधल्या वळणावर थांबलात. मी मुद्दा काढला नाही. तुम्हीच म्हणालात, "उरलेलं पुढच्या रविवारी." बुधवारी सकाळी तुम्ही गेलात. मी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा तुमच्याशी भांडण्याजोगे तिथे काही उरले नव्हते. चेहरा शांत होता, हे खरे. त्या शांततेला विवेक समाधान म्हणतो. हा शब्द तुमच्यापुढे कोणी काढला असता तर तुम्ही काय विचारले असते, ते तुमच्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगता येईल.

पुढच्या रविवारी चार वाजता मी माडीवर गेलो. हंसा आली, रामशंकर आला. तुमची खुर्ची होती तिथेच होती आणि कोणी तिच्याकडे पाहत नव्हते. हंसाने तुमच्यासाठी सुक्या बोंबलांची पुडी आणली होती. सवयीने आणली असे म्हणाली, आणि ती मांडीवर धरून रडली. मग डोळे पुसत मला म्हणाली, "आता तुमी कोनाशी भांडाल, गुरुजी?" आयुष्यात पहिल्यांदा एका प्रश्नाला मी पुढच्या रविवारचा वायदासुद्धा देऊ शकलो नाही.

ती दोघे गेल्यावर मी खोलीला कुलूप लावले. किल्ली माझ्या खिशात आहे. समितीने ती दोनदा मागितली. मी दोनदा नाही म्हणालो. त्यांना वाटते, म्हातारा दुःखाने हट्टाला पेटला आहे. दुःख आहे, ते मी कोणाशी वाटून घेणार नाही. हट्टाला मात्र पुरावा आहे, आणि ज्याला तो पाहायचा असेल त्याने कोणत्याही रविवारी चार वाजता यावे. मी दार उघडून देईन. हंसालाही दाखवीन, विवेकलाही. त्याचे वाक्य छापायचे की नाही, हे त्यांनी तो पाहून ठरवावे.

हरलेला माणूस पूर्ण फळा पुसतो. हा फळा वरपासून खालपर्यंत भरलेला आहे, एकूण बचतीपर्यंत सगळे बाण जागेवर आहेत. पुसलेला आहे तो फक्त खालचा उजवा कोपरा. आणि विवेक गाडी वळवायला खाली उतरल्यावर, तुम्ही खुर्चीवरून उठण्याआधी, त्या पुसलेल्या कोपऱ्यात तुमच्या तिरक्या, दाबून लिहिलेल्या अक्षरात एक शब्द उमटला. तो अजून तिथे आहे.

'पण'.